दोन नारद

"जिला एक पान धड वाचता येत नाही, तिनं नाटकात यावंच कशाला?"

जिवबा नाईक कोकमाचे रातांबे फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. रातांबा दोन्ही अंगठ्यांनी दाबायचा, बिया टोपात, साल सुपात. हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"सांगा ना, नाईकानूं."

"आयकतंय."

विचारणारा होता दिगंबर मिठबावकर. पुण्यात त्याची स्वतःची नाटक कंपनी होती. त्यानं बसवलेल्या नाटकाची तिकिटं दोन दिवसांत संपतात, असं गावात कौतुकानं सांगत. पण त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयापासून पुढं नऊ वर्षं, तो जिवबांच्या दशावतारी मंडळीत होता. तोंडाला रंग कसा लावायचा इथपासून गप्प कधी राहायचं इथपर्यंत सगळं त्याला जिवबांनीच शिकवलं होतं.

पडवीतल्या ज्या बुटक्या बाकावर तो आता बसला होता, तो बाकही मंडळीच्या सामानातला. खेळाआधी नाईक कथा सांगायचे तेव्हा दिगू याच बाकावर बसे. डाव्या अंगाला, खाली जमिनीवर, बुधाजी बसे. राक्षसाची सोंगं करणारा बुधाजी, कानानं अधू. एक हात दिगूच्या गुडघ्यावर ठेवून तो नाईकांच्या तोंडाकडे बघत राही.

जिवबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. मंडळी मोडून बरीच वर्षं झाली होती.

दिगंबर आला होता खुलासा करायला. सहा महिन्यांपूर्वी जिवबांनी गावातली एक मुलगी त्याच्याकडे पाठवली होती. तेजल तिचं नाव, वय एकोणीस. "चेडवाच्या आंगात खेळ आसा, सांभाळ," एवढाच निरोप. आणि गेल्या आठवड्यात दिगंबरनं तिला कंपनीतून काढून टाकलं. गुरूनं पाठवलेलं माणूस परत धाडलं, तर ते आपल्या तोंडानं जाऊन सांगावं, एवढी रीत तो विसरला नव्हता.

"काय झाला?" जिवबांनी विचारलं.

"नव्या नाटकाचं पहिलं वाचन होतं. सगळे गोल बसलेले. प्रत्येकानं आपापली वाक्यं वाचायची. हिची पाळी आली आणि..."

"आनि?"

"पान हातात धरून गप्प. मग काहीतरी बोलायला लागली. पानावर नसलेलंच. मनानं रचून."

"बरा बोलली?"

दिगंबर थांबला. तेजलनं जे रचलं होतं ते लिहिलेल्यापेक्षा बरं होतं. त्या खोलीत हे फक्त दोघांना कळलं होतं, लेखकाला आणि त्याला.

"बरं की वाईट, हा प्रश्नच नाही. सगळे हसले. मी विचारलं, शाळेत गेली होतीस की नाही? तर म्हणते, बारावी झालेय, सर. पण अक्षरं माझ्यापुढं थांबत नाहीत. एकदा तोंडी सांगा, मी करते."

"मगे? सांगलंस?"

...

"सांगलंस काय, दिग्या?"

"नाही. म्हटलं, हे नाटक आहे, दशावतार नव्हे. उद्यापासून येऊ नकोस."

जिवबांच्या हातातली एक बी टोपाबाहेर उडाली. त्यांनी ती शोधली, उचलली, आत टाकली.

"तुम्हाला तिनं सांगितलंच असेल सगळं," दिगंबर म्हणाला.

"नाय."

"मग काय सांगितलं?"

"पुण्याचा पाणी बाधला, म्हणान परत इलंय. इतक्याच सांगल्यान."

 कोंबड्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, माती उकरत होत्या, त्यांच्याकडे दिगंबर बघत राहिला. वाटेत गाडीत त्यानं पुष्कळ उत्तरं जमवून ठेवली होती. ती सगळी तेजलच्या तक्रारीची उत्तरं होती.

मग तो बाकावर पुढं सरकून बसला.

"नाईकानूं, एक गोष्ट सांगतो. आजवर दोघांनाच ठाऊक आहे, माझ्या बायकोला आणि एका डॉक्टरला."

"सांग."

"मलाही वाचता येत नाही."

जिवबांनी पुढचा रातांबा घेतला.

"म्हणजे अक्षरं ओळखतो. पण ओळ धरायला गेलं की सुटते. पाण्याखाली कागद ठेवावा तसं पान हलतं. सहावीत तीनदा नापास झालो तो याच्यामुळंच. मास्तर म्हणायचे दगड, बापूस म्हणायचा आळशी. चाळीस वर्षांचा झालो तेव्हा डॉक्टरनं नाव सांगितलं, डिस्लेक्सिया. म्हणाले, हा आजार नव्हे, अक्कल कमी आहे असंही नव्हे. डोक्याची ठेवणच तशी."

"हं."

"तरी उभा राहिलो की नाही? बायको सगळं नाटक फोनमध्ये वाचून ठेवते. मी सकाळी टेकडीवर चालताना ऐकतो. दहा वेळा, वीस वेळा. तालमीला जातो तेव्हा सगळ्यांची सगळी वाक्यं मला पाठ. कागद हातात धरतच नाही. पेपरवाले लिहितात, ही मिठबावकरांची शैली!" तो हसला. "सगळं नाटक मला डोळ्यांपुढं दिसतं, नाईकानूं. कोण कुठून येणार, कुणाची सावली कुणावर पडणार. मी उभा राहून ते नटांना सांगतो. लोक म्हणतात, असा सांगणारा दुसरा नाही."

"खरा आसा ता."

"मग? आणि माझं हे कुणाच्या लक्षात आलं का? तुमच्या मंडळीत नऊ वर्षं काढली. अकरा माणसं, रात्रंदिवस एकत्र. एकाला तरी कळलं? एकालाही नाही! कुणी माझ्यासाठी काही बदललं नाही. मी माझ्या हिमतीवर निभावलं. मग तिच्यासाठी मी का बदलू?"

शेवटचं वाक्य त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं आलं. कोंबड्या लांब झाल्या.

जिवबांनी आणखी एक रातांबा फोडला. त्यामुळं दिगंबरला आणखी बोलावं लागलं, आणि आता त्याचा आवाज खाली आला होता.

"खरं सांगू? ती म्हणाली ना, अक्षरं थांबत नाहीत... तेव्हा मला वाटलं, सगळ्यांनी वळून माझ्याकडेच बघितलं."

...

जिवबांनी फडक्याला हात पुसले. लाल रंग गेला नाही.

"दोन नारदांची गजाल सांग," ते म्हणाले.

दिगंबरला हसू आलं. "ती तुम्हाला काय सांगायची? तुम्हीच तर होतात!"

"तुझ्या तोंडान आयकाची आसा. सांग."

ही गोष्ट सांगायला दिगंबरला नेहमीच आवडे. प्रत्येक मुलाखतीत तो ती सांगे. तो उठून उभाच राहिला.

"मंडळीत येऊन आठवडाही झाला नव्हता. जत्रेतला खेळ, ही गर्दी! मी घाईघाईनं नारदाचं सोंग घेतलं. शेंडी, चिपळ्या, गळ्यात माळा. 'नारायण, नारायण' करत बाहेर आलो, तर समोरून तुम्ही! तुम्हीही नारद! एका मांडवात दोन नारद. पेटीवाला वाजवायचा थांबला. तुम्ही मला खालपासून वरपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, 'मुनिवर, आपण कोण?' मी म्हटलं, 'मीही तोच! त्रैलोक्यात भांडणं इतकी वाढली की एका नारदाला फेरी पुरी होईना. म्हणून देवांनी दुसरा नेमला.' लोक असे हसले की पाच मिनिटं खेळ पुढं जाईना."

"हसले खरे."

"त्या दिवशी मी नट झालो, नाईकानूं."

"त्या दिवशी तुझा सोंग कोणाचा होता?"

"काय?"

"नारद माझो होतो. तुझा सोंग कोणाचा होता?"

दिगंबर खाली बसला. "दूताचं. राजाच्या दूताचं."

"मगे नारद कसो झालंस?"

"घाई होती..."

"घाई?"

...

"फळ्यावर लिहिलेलं असायचं," दिगंबर म्हणाला. "मी अंदाजानं..."

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. बोलणं ज्यानं त्यानं उभ्या उभ्या आपलं आपण रचायचं. पण आज कथा कुठली, प्रवेश कुठल्या क्रमानं आणि कोण कोण होणार, हे आधी कळावं लागतं. जिवबांच्या मंडळीत त्यासाठी एक काळा फळा होता. रंगायच्या जागी तो भिंतीला टेकवलेला असे. आल्या आल्या प्रत्येकानं तो बघायचा आणि आपल्या सोंगाला लागायचं.

"फार भ्यायचो मी त्या फळ्याला," दिगंबर म्हणाला. "पण देव धावला. दुसऱ्याच दिवशी तो ट्रकातून पडून मोडला, आणि तुम्ही कथा तोंडी सांगायला लागलात. सुटलो! मी वेतोबाला केळ्यांचा घड दिला होता, माहीत आहे?"

"ठावक आसा. त्यातली दोन मीच खाल्लंय."

दोघंही हसले. जिवबा आधी थांबले.

"फळो मोडलो म्हणान तुका कोणी सांगल्यान?"

"तुम्हीच."

जिवबा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. दिगंबरनं आधाराला हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"उठ," ते म्हणाले.

"मी?"

"बाकावरसून उठ."

दिगंबर उठला. जिवबांनी बाकाचं एक टोक धरलं, दुसरं त्याला धरायला सांगितलं, आणि दोघांनी मिळून बाक उलटा केला. चार पाय वर आले.

खालची बाजू काळी होती.

पांढऱ्या तैलरंगाच्या उभ्या रेघा होत्या. एका बाजूला रंगानं लिहिलेली नावं, एकाखाली एक. त्यांच्यासमोर खडूनं काहीबाही. इतक्या वर्षांत त्याला ना हात लागला होता, ना पाऊस. पुसट झालं होतं, पण होतं. सगळ्यात खालचं नाव मागाहून घातलेलं दिसत होतं, बाकीच्यांपेक्षा जरा उजळ.

दिगंबरला लिहिलेलं वाचणं कठीण जाई. पण स्वतःचं नाव तो चेहरा ओळखावा तसं ओळखे.

तो तिथंच जमिनीवर बसला.

 बोलण्यावर जगणारा माणूस. त्याला साधं 'हे काय' म्हणता येईना. हात पुढं करून त्यानं आपल्या नावावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

"मोडूक नाय," जिवबा म्हणाले.

...

"सगळ्यांका ठावक होता?"

पुण्याची भाषा कधी गळून पडली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"सगळ्यांका."

"नऊ वर्सां?"

"रोज खेळाआधी एक घटका जादा. चाय थंड होय. कुरकुर करीत, मेले. पण बसत."

"आनि मी... मी जगभर सांगत सुटलंय, आमच्या मंडळीत कायएक लिहीत नसत, सगळा तोंडी! ही आमची रीत म्हणान!"

"नऊ वर्सां केली. रीतच झाली ती."

दिगंबर फळ्याकडे बघत होता. बघता बघता त्याची नजर पायांवर गेली. पाय फळीला बसवले होते ते खिळे मारून नव्हे. लाकडाच्या खुंट्या होत्या, चौकोनी तासलेल्या, आणि फळीच्या कडेशी अशा मिळालेल्या की नखही शिरू नये. अक्षरं त्याच्यापुढं थांबत नसत, पण हात त्याला कुणाचाही ओळखता येई. मंडळीत सुतार एकच होता.

"ह्या काम बुधाचा," तो म्हणाला.

"होय."

"बुधाचा कसा? तेका तर..."



बुधाजीचा उजवा कान लहानपणीच गेला होता, डावा अर्धा होता. त्या फळ्याची खरी गरज मंडळीत कुणाला असेल, तर ती त्यालाच. फळा बघितला की त्याला सगळं कळे, मग कुणाला काही विचारावं लागत नसे. फळा गेल्यावर तो दिगूच्या पायाशी येऊन बसायला लागला. नाईकांच्या ओठांवरून मिळेल तेवढं घ्यायचा, आणि कथा संपली की दिगूचा गुडघा हलवून विचारायचा, "काय सांगल्यानी? परत सांग." मग दिगू त्याच्यापुढं उभा राहून, हातवारे करून, सगळी कथा पहिल्यापासून सांगे. रोज. नऊ वर्षं.

"तुम्ही तेका सांगलात, फळो काढ म्हणान?" दिगंबरनं विचारलं.

"मी?" जिवबा पायरीवर टेकले. "माझ्या मनात तुका घराक धाडूचा होता."

दिगंबरनं वर बघितलं.

"दोन नारद झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी मंडळी चाय पिय होती. मी सगळ्यांदेखत बोललंय, ज्याका वाचूक येणा नाय, तेना खेळात येवचा कित्याक?"

खळ्यात कुठंतरी माड हलला. झावळी झावळीवर घासल्याचा आवाज आला.

"माझेच शब्द," दिगंबर म्हणाला.

"माझे. तुझ्या आधीचे."

...

"बुधान माझ्या ओठांवरसून वळाकल्यान. कप खाली ठेवल्यान. कायएक बोललो नाय. फळो उचलल्यान, भायर नेल्यान, पालथो घातल्यान. दोन घटकांनी बाक घेवन इलो. तुझ्या बाजूक ठेवल्यान आनि माका म्हणालो, नाईकानूं, आता तोंडान सांगा. माका आयकाक येता."

दिगंबरला एक जत्रा आठवत होती. बुधाजीच्या रोजच्या विचारण्याचा त्याला एकदा कंटाळा आला होता, आणि गंमत म्हणून त्यानं उलटसुलट सांगितलं होतं. बुधाजी डरकाळी फोडत बाहेर आला, तो सीतेच्या स्वयंवरात. लोक पोट धरधरून हसले. आतून सगळ्यात जास्त हसला तो दिगू. नंतर तोंडावरचा रंग पुसत बुधाजी म्हणाला होता, "माझाच चुकला. माका नीट आयकाक येवक नाय."

"नाईकानूं... एकदा मी तेका मुद्दाम खोटा सांगलंय."

"ठावक आसा."

"तेका कळला होता?"



"दुसऱ्या दिवशी खय बसलो होतो तो?"



"माझ्या बाजूक."

बुधाजी जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा दिगंबरचा मुंबईत प्रयोग होता. त्यानं हार पाठवला होता.

कुंपणाच्या बेड्याचं आडवं लाकूड सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी आत येत होतं. डोक्यावर रातांब्यांची टोपली, ओढणी कमरेला खोचलेली. तेजल होती ती. परत आल्यापासून रोज दुपारी ती यायची. रातांबे फोडायची आणि जिवबांकडून एक कथा ऐकायची.

खळ्याच्या मधोमध ती थांबली.

"सर..."

तिनं उलटा बाक बघितला. जमिनीवर बसलेले सर बघितले. टोपली उतरवून तिथंच खाली ठेवली आणि जायला वळली.

"खय चललंस गो?" जिवबा म्हणाले. "ये. आज कथा सांगूची रवली हा."

ती वळली. पण पुढं आली नाही.

दिगंबर उठला.  त्यानं एकट्यानं बाक उचलला, सुलटा केला, चारी पाय जमिनीला लागले की नाही ते हलवून बघितलं. वरची बाजू बाहीनं पुसली. हाताला खडू लागला होता. पांढरी बोटं त्यानं एकदा उघडून बघितली आणि मूठ मिटली.

"सांगा, नाईकानूं," तो म्हणाला. "मीही आयकतंय."

आणि सवयीनं तो बाकावर आपल्या जुन्या जागी बसायला वाकला.

"थय नाय."

दिगंबर वाकलेला तसाच राहिला.

जिवबांनी लाल बोटानं बाकाच्या डाव्या अंगाला, खालची जमीन दाखवली.

"बाकार तेजल बसतली. तू बुधाच्या जाग्यार बस."